टॅपिंगमध्ये सगळेच १४० मिलिसेकंद मागे? आधी उपकरण मोजा, मग माणसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २४ जण, त्यातले १२ वाद्य शिकलेले, १२ न शिकलेले. दर ६०० मिलिसेकंदांनी मेट्रोनोमची क्लिक ब्लूटूथ हेडफोनमधून ऐकवली आणि प्रत्येक क्लिकबरोबर लॅपटॉपचा स्पेसबार दाबायला सांगितला. सरासरी काढली तर सगळेच क्लिकच्या सुमारे १४० मिलिसेकंद मागे निघाले, शिकलेलेसुद्धा. यावरून ‘माणूस लयीच्या मागून चालतो’ असं म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. खरं तर उलट आहे. नियमित क्लिकबरोबर बोट आपटायला सांगितलं की बहुतेक माणसं क्लिकच्या किंचित आधी आपटतात, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. न शिकलेल्यांमध्ये हे सरासरी अंतर साधारण २० ते ८० मिलिसेकंद असतं. शिकलेल्यांमध्ये बरंच कमी, कधी शून्याच्या जवळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे पुन्हा पुन्हा दिसत आलंय. ब्रूनो रेप यांनी २००५ साली आणि नंतर यी-हुआंग सू यांच्याबरोबर २०१३ साली या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतलाय. टॅपिंगवर काम करायचं तर आधी ते दोन लेख वाचायलाच हवेत.

आधी का आपटतात? एक जुनं स्पष्टीकरण असं, की क्लिकची जाणीव आणि बोट टेकल्याची जाणीव मेंदूत एकाच वेळी यावी असा आपला प्रयत्न असतो. कानापासूनची वाट छोटी, बोटापासूनची लांब. म्हणून बोट थोडं आधी निघावं लागतं. याला आधार म्हणजे पायाने टॅप करायला लावलं तर हे अंतर आणखी वाढतं, आणि बोट बधिर केलं तरी वाढतं. पण एवढ्याने सगळं उलगडत नाही. दोन क्लिकच्या मधल्या रिकाम्या जागेत बारीक ठोके भरले की अंतर कमी होतं, आणि खऱ्या संगीताबरोबर टॅप करताना तर ते जवळजवळ नाहीसं होतं. नसांची लांबी दोन्ही वेळी तीच असते. म्हणजे रिकामा काळ आपण कसा मोजतो याचाही यात वाटा आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच आहे. त्यासाठी तरी मोजमाप नीट व्हायला हवं.

आता तुमचे १४० कुठून आले ते पाहू. समजा एखाद्याचा खरा टॅप क्लिकच्या ४० मिलिसेकंद आधी पडतो. बहुतेक ब्लूटूथ हेडफोन आवाज १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा पोचवतात, १६० धरा. प्रोग्रॅमने ‘क्लिक वाजवली’ अशी वेळ लिहून ठेवली, पण कानात ती १६० नंतर वाजली. कीबोर्ड दाबल्याची नोंद व्हायला आणखी २० लागले. १६० अधिक २० वजा ४०, म्हणजे १४०. माणूस लयीच्या पुढे होता आणि फाइलने त्याला मागे दाखवलं.

‘कदाचित ते क्लिक ऐकून मग दाबत असतील’ ही शंका रास्त आहे, कारण आवाज ऐकून बटण दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ती फेडायला नवा प्रयोग नको. प्रत्येकाच्या फेरीत शेवटची क्लिक वाजून गेल्यानंतर काय झालं ते पाहा. अंदाज बांधून चालणारा माणूस न वाजलेल्या पुढच्या क्लिकलाही एक टॅप देऊन जातो. ऐकून दाबणारा थांबतो. ६०० मिलिसेकंदांच्या लयीला ऐकून दाबणारे जवळजवळ नसतातच. दोन क्लिकमधलं अंतर साधारण १८०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की मात्र अंदाज सुटायला लागतो आणि लोक क्लिकची वाट बघू लागतात.

तर पहिलं काम: तुमची सध्याची यंत्रणा मोजा. हेडफोनचा एक कप कीबोर्डावर स्पेसबारच्या शेजारी ठेवा आणि दुसऱ्या कुठल्याही उपकरणावर, फोनवर चालेल, क्लिक आणि बटण दाबल्याचा खट्ट आवाज असे दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. बटण नखाने वाजवा म्हणजे सुरुवात धारदार येते. क्लिकच्या अगदी जवळ दाबू नका, नाहीतर तरंगाकृतीत दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. दोन क्लिकच्या मध्ये दाबा. असे ५० टॅप घ्या. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग उघडून क्लिक ते खट्ट हे खरं अंतर मोजा, प्रोग्रॅमने नोंदलेल्या अंतरातून ते वजा करा. या ५० फरकांची सरासरी म्हणजे यंत्रणेचा कायमचा उशीर, आणि त्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवती आकडे किती पसरलेत त्याचं माप) म्हणजे जिटर, दर टॅपला बदलणारी चूक. मग हेडफोन तोडून पुन्हा जोडा आणि सगळं परत मोजा. ब्लूटूथवर दर जोडणीला उशीर वेगळा निघू शकतो. तसा निघाला तर एक आकडा वजा करून जुनी माहिती दुरुस्त करण्याचा मार्ग बंद झाला.

पुढच्या वेळी ही भानगडच नको. वायरचे हेडफोन घ्या, आणि क्लिक व टॅप दोन्ही एकाच स्टिरिओ रेकॉर्डिंगच्या दोन चॅनलांवर घ्या. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात घेणारी पेटी, लागेल. हेडफोनच्या आउटपुटला स्प्लिटर लावून एक फाटा हेडफोनला द्या, दुसरा डाव्या चॅनलला. उजव्या चॅनलला पिएझो चकती (कंपनाचा विद्युत सिग्नल करणारी), लाकडी फळीच्या खालून पक्की चिकटवलेली. माणसाने त्या फळीवर टॅप करायचं. पिएझो वाद्यासाठीच्या इनपुटलाच जोडा, लाइन इनपुटला सिग्नल फार बारीक येतो. पिएझोऐवजी साधा माइक ठेवला तर तो हेडफोनमधून झिरपणारी क्लिकही उचलतो आणि मग नसलेले टॅप सापडतात. फळीखाली फोमचा तुकडा हवा, नाहीतर टेबलावर कोपर टेकवलं तरी नोंद होते. गेन, म्हणजे इनपुटची पातळी, असा ठेवा की सर्वांत जोरदार टॅपही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही.

यातली खुबी अशी की आता उशीर असला तरी दोन्ही चॅनलांना सारखाच आहे, आणि ४४,१०० हर्ट्झला एक नमुना (रेकॉर्डिंगमधली आवाजाची एक नोंद) म्हणजे ०.०२३ मिलिसेकंद. मोजमापाची चिंता संपली. आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आणि दाब ओळखणारा सेन्सर वापरूनही हे छान होतं. शुल्त्झ आणि फान व्हुख्त यांनी २०१६ साली त्याची रचना प्रसिद्ध केलीय. लांबच्या लोकांकडून त्यांच्याच लॅपटॉपवर टॅपिंग करवून घ्यायचं असेल, तर आंग्लादा-टोर्ट, हॅरिसन आणि जेकबी यांची २०२२ सालची पद्धत पाहा. तिथेही युक्ती हीच: स्पीकरमधला आवाज आणि टॅप एकाच माइकने एकत्र टिपायचे.

क्लिक प्रोग्रॅमच्या टायमरने एकेक करून वाजवू नका. तो टायमर काही मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. सबंध फेरीची एकच वेव्ह फाइल बनवा. ६०० मिलिसेकंद म्हणजे बरोबर २६,४६० नमुने. आवाज धारदार सुरुवातीचा आणि छोटा घ्या. हळूहळू चढणारा स्वर घेतलात तर ‘ठोका’ त्याच्या भौतिक सुरुवातीला जाणवत नाही, थोडा नंतर जाणवतो, आणि लोक त्या जाणवलेल्या क्षणाला टॅप करतात. मॉर्टन, मार्कस आणि फ्रँकिश यांनी १९७६ साली बोललेल्या शब्दांच्या संदर्भात हे मांडलं, पण वाद्यांच्या स्वरांनाही ते लागू होतं. एका गटाला लाकडी ठोका आणि दुसऱ्याला बासरीसारखा स्वर दिला तर त्यांच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही.

फेरीची रचना मी अशी सुचवेन: २० क्लिकबरोबर टॅप, मग क्लिक बंद, आणि त्याच लयीत आणखी ४० टॅप. ४५०, ६०० आणि ९०० अशा तीन लयी, प्रत्येकीच्या ६ फेऱ्या, क्रम उलटसुलट. टॅपिंग जेमतेम १२ मिनिटांचं होतं. विश्रांती धरून अर्ध्या तासाच्या आत माणूस मोकळा. त्याहून लांबवलं तर मनगट जड होतं आणि विचलन त्यामुळेच वाढतं. ‘शिकलेले’ आणि ‘न शिकलेले’ असे दोनच कप्पे करू नका. दोन वर्षं शिकून सोडून दिलेला माणूस कुठे टाकणार? गोल्ड-एमएसआय ही संगीताच्या अनुभवाबद्दलची ३८ प्रश्नांची प्रश्नावली, म्युलेन्सीफेन आणि सहकाऱ्यांची, २०१४ सालची, नेमकी यासाठी आहे. तिचा गुणांक सलग पट्टीवर मिळतो.

रेकॉर्डिंगमध्ये टॅप शोधताना सिग्नलने ठरवलेली पातळी (उंबरठा) ओलांडली की पुढचे १५० मिलिसेकंद काही मोजू नका, कारण फळी थरथरून दुसरं शिखर देते. पहिले ५ टॅप काढून टाका, त्यात माणूस लय पकडत असतो. दोन टॅपमधलं लयीच्या दीडपटीहून मोठं अंतर म्हणजे सुटलेला टॅप, निम्म्याहून छोटं म्हणजे बहुधा चुकून लागलेला. असे किती काढले ते लिहा.

टॅपला क्लिकशी जोडताना एक सापळा आहे. ‘सर्वांत जवळची क्लिक’ हा नियम उशीर मोठा असला की उलटतो. तुमच्याच यंत्रणेवर २५० मिलिसेकंदांची लय घेतलीत आणि उशीर १४० असला, तर टॅप पुढच्या क्लिकच्या जास्त जवळ पडतो आणि उणे ११० दिसतो. तोच माणूस एका लयीत ‘मागे’ आणि दुसरीत ‘पुढे’! एखादा शोध लागल्यासारखं वाटतं, आणि असतो फक्त हेडफोनचा उशीर. जलद लयींसाठी अंतर कोनात बदला: ६०० मध्ये उणे ४० म्हणजे उणे २४ अंश. मग वर्तुळावरची सांख्यिकी वापरा. प्रत्येक टॅप म्हणजे त्याच्या कोनाकडे रोखलेला १ लांबीचा बाण समजा; या सगळ्यांच्या सरासरी बाणाची लांबी १ च्या जवळ असेल तर टॅप एकाच जागी पडतायत, ० च्या जवळ असेल तर ते सगळीकडे विखुरलेत.

क्लिक बंद झाल्यानंतरचे टॅप हा मात्र खरा खजिना आहे. विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी १९७३ साली मांडलं की टॅपमधल्या चढउतारांचे दोन उगम वेगळे करता येतात: आतलं घड्याळ आणि हात. हाताने एखादा टॅप १० मिलिसेकंद उशिरा दिला तर त्याआधीचं अंतर ६१० होतं आणि नंतरचं ५९०. एक वाढलं की लगतचं घटतं. घड्याळाच्या चुकीत असा जोडीचा ठसा नसतो. म्हणून लगतच्या अंतरांचा कोव्हेरियन्स, म्हणजे ती दोन्ही एकत्र किती वाढतात-घटतात त्याचं माप, काढा. तो उणे आला की त्याचं चिन्ह बदलून मिळतो तो हाताचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. समजा अंतरांचं प्रमाण विचलन २४, म्हणजे व्हेरियन्स ५७६, आणि लगतचा कोव्हेरियन्स उणे १००. हाताचा व्हेरियन्स १००, विचलन १०. प्रत्येक अंतराला दोन टोकं, म्हणून हाताचा व्हेरियन्स दोनदा वजा करायचा: घड्याळाचा ५७६ वजा २०० म्हणजे ३७६, विचलन सुमारे १९.४. त्याआधी प्रत्येक फेरीतला हळूहळू जलद किंवा मंद होत जाण्याचा कल सरळ रेषा बसवून काढून टाका. तो राहिला तर कोव्हेरियन्स अधिककडे झुकतो आणि हाताचा व्हेरियन्स चक्क ऋण निघतो. क्लिक चालू असतानाच्या टॅपना हे गणित लावू नका. तिथे माणूस दर क्लिकला स्वतःला दुरुस्त करत असतो.

आणि इथेच कीबोर्ड घात करतो. जिटर दर टॅपला स्वतंत्र असतो, म्हणजे त्याचा ठसा अगदी हाताच्या चुकीसारखाच उमटतो. बऱ्याच यूएसबी कीबोर्डांना संगणक दर ८ मिलिसेकंदांनीच ‘काही दाबलं का’ असं विचारतो. नुसत्या तेवढ्याने २.३ चं विचलन येतं, ते एक वेळ चालेल. पण एकूण जिटर ६ निघाला तर व्हेरियन्स ३६, आणि वरच्या उदाहरणातल्या १०० पैकी ३६ हात नसून प्लास्टिक आहे.

आता हातातल्या माहितीचं काय करायचं. क्लिक आणि टॅपमधल्या सरासरी अंतराबद्दल काहीही लिहू नका, दर जोडणीला उशीर तोच राहिला हे मोजून दाखवता आलं तरच लिहा. दोन टॅपमधल्या अंतरांचं विचलन मात्र वापरता येईल, कारण कायमचा उशीर वजाबाकीत निघून जातो. जिटर त्यात दोनदा शिरतो: ६ चा जिटर व्हेरियन्समध्ये ७२ घालतो. शिकलेल्यांचं खरं विचलन १५ असेल तर ते १७.२ दिसेल, न शिकलेल्यांचं ३० असेल तर ३१.२. म्हणजे तुमच्या यंत्रणेने दोन गटांमधलं प्रमाण २ वरून १.८ वर आणलेलं असेल. एवढं होऊनही फरक टिकला असेल तर तो निर्धास्तपणे मांडा, सोबत मोजलेला जिटर लिहा. आधी शेवटच्या क्लिकनंतरचे टॅप तुमच्या प्रोग्रॅमने नोंदलेत की फाइल तिथेच तोडलीय, तेवढं पाहून सांगा.