बालीत तिकीट काढून बघितलेलं पारंपरिक नृत्य खरं असतं का, की देवळातलंच बघावं?

तिकीट लावलं की कला खोटी झाली, हे मी माझ्या मावसभावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तुमचा प्रश्न तोच आहे, म्हणून राहवलं नाही.

आम्ही कुडाळकडचे. जत्रेतल्या दशावताराला मी पखवाज वाजवतो. त्यामुळे उबुदच्या राजवाड्याच्या अंगणात, पुरी सारेनला, लेगोंग हे मुलींचं नृत्य बघायला बसलो तेव्हा माझी नजर आधी गेली ती ढोलवाल्यांवर. त्या वाद्याला तिकडे केंदांग म्हणतात. वाजवणारे दोघे, एकाकडे मादी ढोल, दुसऱ्याकडे नर. एकाचा हात उठला की त्या फटीत दुसऱ्याची थाप पडते, आणि ऐकणाऱ्याला एकच सलग बोल ऐकू येतो. नाचणारी मुलगी अंगाच्या एका झटक्याने इशारा देते, केंदांगवाला तो उचलतो आणि तीस-एक माणसांचा सगळा गमेलान, म्हणजे वाद्यवृंद, एका क्षणात थांबतो. या थांबण्याला आंगसेल म्हणतात. पुढच्या क्षणी पुन्हा सगळे सुरू. मी अंगावर काटा घेऊन बसलो होतो.

शेजारी बसलेला तोच मावसभाऊ, दादा, म्हणाला, ‘‘वाद्यां बेसूर आसत रे.’’ बेसूर नव्हती. धातूच्या पट्ट्यांची ती वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो, आणि तीच थरथर त्यांना हवी असते. हे मी त्याला तिथेच सांगत होतो, तेवढ्यात आमच्या टूर मॅनेजरने मागून हात हलवायला सुरुवात केली. जेवणाची वेळ झाली म्हणून चला!

नेमका प्रसंग काय चालला होता ते सांगतो. लासेमच्या राजाने जंगलात वाट चुकलेल्या राजकन्या रंगकेसरीला कोंडून ठेवलंय. ती त्याला नाकारते, तो लढाईला निघतो, आणि वाटेत अपशकुनाचा पक्षी आडवा येतो. सुरुवातीला दासी झालेली मुलगीच आता सोनेरी पंख बांधून पक्षी होऊन येते. तो पक्षी येण्याच्या आत आमची अख्खी रांग उठली, खुर्च्या सरकवत, रंगमंचासमोरून. मी उठलो नाही. कार्यक्रम संपल्यावर चालत हॉटेलवर आलो.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दादाचं ठरलेलं वाक्य आलं. ‘‘ह्या सगळा टुरिस्टांसाठी आसा, खरा नाय.’’ आपला दशावतार दादरला थिएटरात लागला तेव्हाही तो हेच म्हणाला होता. देवळाच्या अंगणातून उठला की मेला म्हणे. जत्रेत रात्रभर वाजवणारे आणि थिएटरात वाजवणारे हात तेच असतात, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं.

बालीच्या लोकांनी हा वाद आपल्या आधीच घालून संपवलाय. 1971 साली देनपसारला, बालीच्या राजधानीत, त्यांची परिषद झाली. पर्यटक वाढत होते, देवासमोरचे नाच विकायला निघतील अशी भीती होती. तिथे तीन वर्ग ठरले. वाली देवळाच्या आतल्या चौकात, देवासाठी. बेबाली मधल्या चौकात, विधीला जोडून. बालिह-बालिहान बाहेर, माणसांनी बघायला. 2015 मध्ये युनेस्कोच्या यादीत बालीची नृत्यं गेली तीही याच तीन वर्गांनी, आणि लेगोंग त्यात तिसऱ्या वर्गात आहे. तेव्हा तिकीट काढून लेगोंग बघताना तुम्ही कुणाच्या देवाचं काही हिसकावत नाही.

पुढे मी आणि बायको टूरशिवाय उबुदजवळच्या पेलियातान गावात एका घरात उतरलो होतो. घरमालक गमेलानमध्ये वाजवायचे. एका रात्री गावच्या देवळात, दुसऱ्या रात्री तिकिटाच्या कार्यक्रमात. तिकिटाचा वाटा वाद्यांच्या दुरुस्तीला आणि पोशाखांना जातो, असं ते म्हणाले. दादाला हे फोनवर सांगितलं, त्याने विषय बदलला.

आता केचक. दक्षिण टोकाला उलुवातूच्या देवळापाशी मावळतीच्या वेळी होतो तो नाच, शंभरभर पुरुष गोल बसून ‘चक-चक’ करतात, मधे रामायण. गाईड त्याला हजारो वर्षांचा म्हणतात, ते चूक आहे. आजचा केचक 1930 च्या दशकातला. वायान लिम्बाक हा बाली नर्तक आणि वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार यांनी सांगह्यांग नावाच्या अंगात येण्याच्या विधीतला पुरुषांचा घोष घेऊन तो घडवला. नवा आहे म्हणून हलका नाही. पण एकच संध्याकाळ असेल तर माझं मत उबुदच्या लेगोंगला. उलुवातूला निम्मं लक्ष सूर्याकडे आणि चष्मे पळवणाऱ्या माकडांकडे जातं. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र केचकच बघा. हनुमान आणि आग असल्यावर ती कंटाळत नाहीत, लेगोंगला कंटाळतील.

देवळातलं बघायचंच असेल तर ओदालान शोधा, म्हणजे देवळाचा वर्धापनोत्सव. बहुतेक देवळांत तो 210 दिवसांनी येतो आणि देवळं इतकी आहेत की कुठे ना कुठे चालूच असतो. राहत्या घरी विचारा. सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि कमरेला पट्टा लागतो, पुजाऱ्यापेक्षा उंच बसायचं नाही, प्रार्थना करणाऱ्यांच्या पुढून जायचं नाही. पाळी चालू असताना बायकांना आत जाऊ देत नाहीत. मला ते पटत नाही, पण देऊळ त्यांचं आहे. आणि कार्यक्रम मध्यरात्री सुरू झाला तरी तक्रार करू नका, तो तुमच्यासाठी नसतो.

टूरने जात असाल तर बुकिंग करतानाच विचारा, कार्यक्रम शेवटपर्यंत बघू देणार का? नाही म्हणाले तर ती संध्याकाळ त्यांच्याकडून सोडवून घ्या आणि तिकीट आपलं आपण काढा. जेवण उबुदमध्ये नंतरही मिळतं.