जर्मनी हरणार हे एप्रिल १९४५ मध्ये उघड असताना दोन्हीकडचे सैनिक मूर्खासारखे का लढत राहिले?

प्रश्नातला 'मूर्खासारखे' हा शब्द नसता तर मी वाचून पुढे गेलो असतो. नेमका हाच शब्द आमच्या घरात एकदा भर पंगतीत वापरला गेला होता.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. गाव कोरेगाव तालुक्यातलं. ९ एप्रिल १९४५ ला ते इटलीत सेनिओ नदीच्या बांधावर होते. ही नदी आपण ऐकलेली नसते, कारण आपल्या डोक्यात महायुद्धाचा शेवट म्हणजे बर्लिन आणि हिरोशिमा. आबा म्हणायचे, "नदी कसली, आपल्या वढ्यायेवढी. पर बांध बगशील तर किल्ल्याचा तट." पुढे मी आकडे शोधले तर म्हातारा फुगवून सांगत नव्हता. पाणी १५ फूट रुंद, चार-पाच फूट खोल. दोन्ही बाजूंचे बांध मात्र ३० ते ३५ फूट उंच, अगदी उभे. त्यात जर्मनांनी आतून घुशीसारखी बिळं पोखरलेली, वर सुरुंग पेरलेले. काही ठिकाणी तर हिवाळाभर बांधाच्या अलीकडच्या उतारावर आपले आणि पलीकडच्या उतारावर ते, अशी वस्ती होती. हातगोळा फेकायचा तर नेम धरायची गरजच नव्हती, नुसता वरून पलीकडे टाकायचा.

त्या दिवशी दुपारभर विमानं आणि तोफा यांनी तो पट्टा भाजून काढला आणि संध्याकाळी पलटणी पाण्यात उतरल्या. नामदेव जाधव हे नाव तुम्हाला माहीत असेल, नसेल तर माहीत करून घ्या. संगमनेर तालुक्यातला हा शिपाई कंपनी कमांडरचा रनर, म्हणजे निरोप्या, होता. पैलतीराला लागतात तोच मशिनगनी सुरू झाल्या. कमांडर आणि बरोबरचे दोघे जखमी, त्या टोळीतले जाधव सोडून बाकीचे सगळे मारले गेले. जाधवांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं, मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेले ते सरळ मशिनगनवर. हाताला गोळी लागली तेव्हा टॉमीगन टाकून दिली आणि हातगोळ्यांनी आणखी दोन ठाणी उडवली. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची गर्जना केली आणि उरलेल्यांना हात करून नदीपार चला, पुढे चला म्हणून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्या हाकेवर पाण्यात उतरलेल्या 'उरलेल्यां'मध्ये आमचे आबा.

आता पंगत. १९९१, दादाचं लग्न. माझे मामा हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि जेवताना गप्प बसायची त्यांना सवय नव्हती. आबांनी कुणीतरी विचारलं म्हणून पोटरीतल्या छर्ऱ्याची गोष्ट काढली. मामा म्हणाले, "आबा, तीन आठवड्यांत हिटलर मरणारच होता. चार दिवस खंदकात बसून राहिला असता तर काय बिघडलं असतं? मूर्खासारखे इंग्रजांसाठी मेलात तुम्ही लोक."

आबा बराच वेळ जिलेबीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मास्तर, आमास्नी तारीख कुनी सांगितली न्हवती." आणि उठून गेले.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आलं. उरलेलं असं, की जर्मनांचा तिथला सेनापती फीटिंगहॉफ मागे पो नदीपलीकडे सरकू द्या म्हणून मागत होता आणि हिटलर हलू देत नव्हता. पळणाऱ्याला त्यांचेच लोक फासावर लटकवत होते. दोस्त राष्ट्रांनी १९४३ मध्येच कासाब्लांकाला 'बिनशर्त शरणागती' जाहीर केलेली, त्यामुळे मधली वाटही उरली नव्हती. आणि आपल्या बाजूने थांबायचं म्हणजे समोरच्या जर्मन फौजांना आल्प्सकडे सुखरूप निघून जाऊ द्यायचं.

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इटलीतला एसएसचा, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा, मुख्य कार्ल वोल्फ ८ मार्चलाच स्वित्झर्लंडमध्ये जाऊन अमेरिकेच्या हेरखात्यातल्या ॲलन डलसला शरणागतीची बोलणी करायला भेटला होता. म्हणजे सेनिओच्या हल्ल्याच्या महिनाभर आधी. बोलणी रखडली, स्टालिन संतापला, मध्येच थांबली, परत सुरू झाली. शरणागतीवर सही झाली २९ एप्रिलला इटलीतल्या कासेर्ता इथे आणि शस्त्रं खाली ठेवली २ मे रोजी. ह्या वोल्फला शांततेचं वेड नव्हतं, स्वतःची मान वाचवायची होती. (पुढे १९६४ मध्ये ज्यूंना मृत्युछावणीत पाठवल्याबद्दल त्याला जर्मन कोर्टानेच शिक्षा दिली.) तेव्हा का लढत राहिले हे कुणाला विचारायचंच असेल तर टेबलाशी बसलेल्यांना विचारा, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्याला नको.

'इंग्रजांसाठी' म्हणाल तर हो, पगार इंग्रजांचा होता, हे आबांनी कधी नाकारलं नाही. घरात तीन भाऊ आणि दोन एकर कोरडवाहू जमीन. युद्ध संपल्यावर पलटणीतून घरी पाठवलं, सेवेची वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही. पत्र्याच्या पेटीत इटली स्टार हे पदक मात्र होतं, कापूर आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी. इटलीतल्या फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, ज्यांचं दहन झालं त्यांची नावं तिथे दगडावर कोरलेली आहेत. मी अजून गेलेलो नाही.

हे सगळं इटलीपुरतं लिहिलंय. पूर्व आघाडीवर जर्मन शिपाई का लढला याचं कारण वेगळं, तिथे रशियनांच्या हाती सापडायची धास्ती मोठी होती. आणि आबांच्या आठवणी मी पोरवयात ऐकलेल्या आहेत, एखादा तपशील इकडचा तिकडे झाला असेल.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि मोबाइलवर असली उत्तरं वाचत बसतात. मामा, हे वाचत असाल तर, त्या दिवशी आईने आबांचं ताट झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी जिलेबी आम्ही पोरांनी खाल्ली, आबा परत जेवायला आले नाहीत.