तळ्याकाठी शेकोटी?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या ‘वॉल्स ऑफ जेरुसलेम’ राष्ट्रीय उद्यानात तळ्याकाठी तंबू ठोकायचाय. रात्री छोटीशी शेकोटी चालेल ना?

उत्तर : नाही हो, अजिबात नको! तिथे शेकोटीला बंदीच आहे. फक्त स्टोव्ह न्या. सॉलोमन्स ज्वेल्स या तळ्यांभोवतीचे पेन्सिल पाइन वृक्ष हजार वर्षांहून जास्त जगू शकतात, पण एकदा आगीत सापडले की संपलेच. २०१६च्या वणव्यात मध्य पठारावर जळालेले त्यांचे सांगाडे मी पाहिलेत. अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. थंडीचं म्हणाल तर तिथे भर उन्हाळ्यातही बर्फ पडतं. उबदार स्लीपिंग बॅग हवीच. आणि भांडी तळ्यात विसळू नका, पाणी काठापासून पन्नास मीटर लांब नेऊन धुवा. साबण नकोच.