कॅराव्हॅनसाठी टीव्ही घेताना आधी त्याची पाठ बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रॅव्हलर गाडीची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेताय, गाडी वागळे इस्टेटला कामाला दिलीय, आई-बाबांना संध्याकाळी मालिका बघता आल्या पाहिजेत. मग घरचा 32 इंची स्मार्ट टीव्ही इन्व्हर्टरवर चालवावा, की 12 व्होल्टचा वेगळा घ्यावा?

मी तुर्भ्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, तेव्हा उत्तर वायरमनचंच मिळेल. 24 इंची घ्या, आणि असा घ्या ज्याला बाहेरून 12 व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो. दुकानात सगळे टीव्ही समोरून बघतात. तुम्ही तो फिरवायला सांगा आणि मागचं लेबल वाचा. ‘डीसी 12 व्होल्ट, 3 अँपिअर’ असं काही लिहिलेलं असेल, तर निम्मं काम झालं. ‘एसी 100-240 व्होल्ट’ एवढंच असेल, तर पॉवर सप्लाय आत आहे आणि इन्व्हर्टरशिवाय गत्यंतर नाही. तो उघडून आत थेट बारा व्होल्ट जोडून देणारे कारागीर आपल्याकडे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, वॉरंटी तर जातेच, वर पुढचा बिघाड शोधायला कोणी हात लावत नाही. कॉम्प्युटरचा मॉनिटर घ्यायचा विचार असेल, तर बऱ्याच मॉनिटरना 19 व्होल्ट लागतात, हेही लक्षात असू द्या.

इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही असं नाही. पण हिशोब बघा. 24 इंची टीव्ही साधारण 30 वॉट खातो. रोज तीन तास धरले तर 90 वॉट-तास, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून साडेसात अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून आपण निम्मीच वापरावी असं धरलं, तरी हे काहीच नाही. खरा चोर इन्व्हर्टर. 1000 वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॉट ओढतो. मालिका संपली, टीव्ही बंद केला, इन्व्हर्टर रात्रभर चालू राहिला, की सकाळपर्यंत टीव्हीपेक्षा जास्त बॅटरी त्यानेच संपवलेली असते. आणि वयस्कर माणसं रिमोटने टीव्ही बंद करतात, खाली वाकून इन्व्हर्टरचं बटण दाबायला कोण जाणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. 12 व्होल्टची बॅटरी कधीच 12 व्होल्टची नसते. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते, इंजिन चालू असताना अल्टरनेटर 14.4 पर्यंत नेतो, लिथियम फॉस्फेटची बॅटरी चार्जिंगला असली तर 14.6 पर्यंत. घरच्या ॲडॉप्टरवर बरोबर बारा मिळतात या भरवशावर बनवलेल्या टीव्हीला हे सोसेलच याची खात्री नाही. म्हणून मधे 12 व्होल्ट स्थिर देणारा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर लावा. तो व्होल्टेज चढवणारा आणि उतरवणारा, दोन्ही करणारा हवा. नुसता उतरवणारा घेतलात तर बॅटरी खाली आल्यावर टीव्ही आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. परदेशात मोटारहोमसाठी मिळणाऱ्या टीव्हीत ही सोय आतच असते, म्हणून ते महाग. आपल्याकडे ‘सोलर टीव्ही’ म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारे स्वस्त संच मिळतात, पण त्यांच्या पॅनेलकडे, म्हणजे पडद्याकडे, नीट बघून घ्या.

वायरीत हात आखडता घेऊ नका. बॅटरीपासून टीव्ही सहा मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची वायर बारा मीटर होते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तीन अँपिअरला सहा दशांश व्होल्टच्या आसपास वाटेतच गळतात, अडीच चौरस मिलिमीटरची टाकली तर पाव व्होल्ट. फ्यूज 5 अँपिअरचा, तोही बॅटरीच्या टोकाजवळ. गाडीचं इंजिन चालू करणारी स्टार्टरची बॅटरी टीव्हीला अजिबात द्यायची नाही, त्यासाठी वेगळी बॅटरी हवी. पिनेची दिशा, म्हणजे प्लस कुठे आणि मायनस कुठे, मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका.

पॅनेल तपासायची युक्ती सोपी आहे. टीव्ही चालू करून दुकानात खाली बसा आणि वर बघा. गाडीत आपण बर्थवर आडवे असतो आणि टीव्ही वर टांगलेला असतो. स्वस्त पॅनेलवर खालून चेहरे काळे पडतात, फोटोच्या निगेटिव्हसारखे. आयपीएस पॅनेल, म्हणजे तिरक्या नजरेनेही चित्र नीट दाखवणारं, असेल तर हा त्रास नाही. पाच फुटांवरून 24 इंच भरपूर होतात. 32 इंची रुंदीला 71 सेंटिमीटर भरतो आणि वजनही जास्त, ते सगळं ब्रॅकेटवर येतं.

ब्रॅकेटचं सांगतो. एका गिऱ्हाइकाचा टीव्ही पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे जाऊन परत आला तेव्हा चारपैकी एकच स्क्रू शिल्लक होता, आणि तोही हाताने फिरत होता. स्क्रू फायबरच्या पातळ भिंतीत मारले होते. फॅब्रिकेटरला आत्ताच सांगा, आतलं पॅनेल बसायच्या आधी, की टीव्हीच्या जागी मागे 18 मिलिमीटरचा प्लाय किंवा लोखंडी पट्टी टाक. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्यांनी ढिले न होणारे. हलणारी आर्म घ्यायची तर लॉक होणारीच, आणि प्रवासात पट्टा बांधायचा. ड्रायव्हरच्या नजरेत स्क्रीन येता कामा नये, हे वेगळं सांगायला नको.

मालिका कशा दिसणार? घाटात मोबाइलचं नेटवर्क जातं, तिथे स्मार्ट टीव्ही नुसती काळी काच. एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो तो वेगळाच. डीडी फ्री डिश बरी, महिन्याचे पैसे नाहीत आणि सह्याद्री वाहिनी मिळते. पण खासगी वाहिन्या लिलावाप्रमाणे बदलत असतात, आईंची ठरलेली मालिका तिथे असेलच असं नाही, आधी यादी बघा. छत्री जीसॅट-15 उपग्रहाकडे वळवायची, म्हणजे आपल्या ठाणे-पनवेल भागातून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंशांवर. उपग्रह इतका वर असल्याने डोंगराची अडचण फारशी होत नाही. घोडं अडतं ते झाडापाशी. गाडी लावताना सावली बघून आंब्याखाली शिरलात, की सिग्नल गेला. सावली की सिग्नल, हे भांडण घरातल्या घरात मिटवा. साध्या टीव्हीला स्ट्रीमिंगची स्टिक लावलीत तर दोन्ही मार्ग हातात राहतात, आणि पुढे स्टिक जुनी झाली तर टीव्ही बदलावा लागत नाही.

आवाजाचा विचार बहुतेक जण करत नाहीत. जुलैत माळशेजला गाडी लावलीत तर पत्र्यावर पावसाचा एवढा मारा असतो की टीव्हीचे पाठीमागे तोंड केलेले छोटे स्पीकर काहीच ऐकू देत नाहीत. बाबांना कमी ऐकू येत असेल तर वायरचा हेडफोन लागेल असा टीव्ही घ्या, ब्लूटूथला कधी कधी ओठ आणि आवाज मागेपुढे होतात.

मे महिन्यात बंद गाडी उन्हात तापलेली असते, तेव्हा आल्या आल्या टीव्ही लावू नका, आधी दारं उघडून हवा खेळू द्या. आणि घ्यायच्या आधी मागच्या लेबलचा फोटो इथे टाका, कन्व्हर्टर किती अँपिअरचा लागेल ते सांगतो.