युक्रेनला लेपर्ड रणगाडे द्यायला जर्मनीने इतकी टाळाटाळ का केली?

घोडं अडलं होतं परवानगीवर. जर्मन बनावटीचे लेपर्ड २ रणगाडे पोलंड, फिनलंड अशा बऱ्याच देशांकडे आहेत, पण ते तिसऱ्याला द्यायचे तर जर्मनीचा होकार लागतो. आणि तेव्हाचे जर्मन चान्सलर (सरकारप्रमुख) शोल्त्स यांना रशियाच्या डोळ्यावर एकट्याने यायचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात याच भूमीवर जर्मन रणगाडे फिरले होते, ती आठवण वेगळीच. अमेरिकेनेही आपले रणगाडे द्यावेत, असं शोल्त्स यांना वाटे; तर अमेरिका म्हणे, आमच्या एब्रम्स रणगाड्याचं टर्बाइन इंजिन इंधन ढोसतं, देखभालही किचकट. थोडक्यात, 'आधी तू, मग मी'. ब्रिटनने मात्र आपले १४ ‘चॅलेंजर २’ रणगाडे जाहीर करून टाकले. अखेर २५ जानेवारी २०२३ ला जर्मनी आणि अमेरिका दोघांनी एकाच दिवशी हो म्हटलं: जर्मनी १४, अमेरिका ३१. पहिले एब्रम्स पोचायला मात्र सप्टेंबर उजाडला.