पूरबोटीचं ओबीएम वर्षभर शेडमध्ये पडून असतं. पावसाळ्याआधी त्याच्या कूलिंगचं काय काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय, शिरोळ तालुक्यातल्या तुमच्या गावच्या रबरी बोटीला २५ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागं लावायचं इंजिन) आहे, ते बरेच महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभं आहे, परवा सुरू केलं तर मागची कूलिंगच्या पाण्याची धार बारीक आली. आणि ‘वापरच झाला नाही तर सर्व्हिसिंगला पैसे कशाला,’ असं ग्रामपंचायतीत चाललंय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं आणि पंपांची कामं करतो. मे महिन्यात नदीकाठच्या गावांची ओबीएम आमच्याकडे येतात, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

आधी पंचायतीचा मुद्दा निकालात काढू. ओबीएमच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, गिअरबॉक्सच्या डोक्यावर पाण्याचा पंप असतो आणि त्यात रबरी पात्यांचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक असतं. शेतीपंपाचा इंपेलर ओतीव असतो, दहा वर्षं पडून राहिला तरी त्याला काही होत नाही. हा तसला नव्हे. ह्याची पाती पंपाच्या घरात एका बाजूला कायम दुमडलेली असतात, आणि इंजिन फिरत नसलं की तीच पाती तशीच दुमडून राहतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली रबर कडक होतं, पात्यांना बाक बसतो, बुडाशी चिरा पडतात. मग पुरात इंजिन जोरात फिरवलं की पातं तुटतं. इंपेलर कधी बदलायचा, तर कंपनीच्या पुस्तकात अमुक तास किंवा अमुक वर्षं, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. तुमच्या बोटीचे तास कधीच भरणार नाहीत, म्हणून वर्षं मोजायची. माझं मत विचाराल तर पूरबोटीचा इंपेलर दरवर्षी बदलावा, जुना चांगला दिसला तरी. इंजिनाच्या किमतीपुढे इंपेलरच्या किटची किंमत काहीच नाही.

पण धार बारीक आहे म्हणून लगेच पाय उतरवू नका. इंजिन बंद ठेवून ती धार बाहेर पडते त्या भोकात गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घाला आणि हळूच मागेपुढे करा. टोकदार तार नको, आतली रबरी नळी फाटते. शेडमध्ये उभ्या इंजिनाच्या ह्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. त्यानंतर खालच्या जाळ्या बघा, पायाच्या दोन्ही बाजूंना असतात. आपल्याकडे त्यात पाचट, केंदाळाची (जलपर्णीची) मुळं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे सापडतात.

तपासायला सुरू करताना इंजिन कोरडं फिरवायचं नाही. ‘नुसतं आवाज बघायला’ म्हणून दोरी ओढतात ना, त्यात काही सेकंदांत रबर घासून जातं, कारण ह्या पंपाला वंगण पाण्याचंच असतं. २०० लिटरचं बॅरल वरून कापून घ्या, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी भरा, न्यूट्रलमध्ये मंद चालवा. बॅरलऐवजी जाळ्यांवर बसणारे रबरी कप लावून नळीनं पाणी देणार असाल तर आधी पंखा काढून ठेवा. काम उघड्यावर करा, शेडमध्ये धूर कोंडतो.

नायलॉन घालूनही धार सुधारली नाही, किंवा दरवर्षीचा इंपेलर बदलायचा असेल, तर पाय उतरवा. बोल्ट सोडले आणि गिअरची दांडी मोकळी केली की पाय खाली सरकतो आणि पंपाचं घर दिसतं. घर उघडल्यावर इंपेलर मोडका निघाला तर तुटलेली पाती मोजा आणि तेवढे तुकडे हुडका. हे लोक करत नाहीत. तुकडा पाण्याबरोबर वर जातो, थर्मोस्टॅटच्या (पाणी ठरावीक तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी किंवा सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटेत अडकतो, आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत राहतं. इंपेलरखाली स्टीलची चकती असते आणि वर वाटी. दोन्हीवरून नख फिरवा. आपल्या पुराच्या पाण्यात गाळ इतका असतो की चकतीवर गोल चर पडतात. नखाला चर लागला तर चकती आणि वाटी दोन्ही बदला, नुसतं रबर बदलून कमी वेगात दाब धरणार नाही.

बसवताना पात्यांना साबणाचं पाणी लावा. शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेनं फिरवत घर दाबत जा, म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतात. इंपेलरला शाफ्टशी अडकवणारी छोटी चावी निसटून पडते, ती जागेवर आहे ना बघा. पाय वर चढवताना तांब्याची उभी नळी पंपावरच्या रबरी बुचात नीट शिरली पाहिजे. ती बाजूला राहिली तर पाणी पायातल्या पायात गळतं, आणि नवं किट घालूनही धार होती तशीच.

आता थर्मोस्टॅट. धार जोरात आली म्हणजे कूलिंग ठीक, असं सगळे धरून चालतात. धारेचं पाणी बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या आधीच फुटून बाहेर येतं. त्यामुळे धार म्हणजे पंप पाणी उचलतोय एवढाच पुरावा, थर्मोस्टॅट उघडतोय का हे त्यावरून कळत नाही. तो काढून दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवा, सोबत थर्मामीटर, आणि पाणी तापवा. ओबीएमचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, आकडा बऱ्याचदा त्यावरच कोरलेला असतो. उघडला नाही किंवा आधीपासूनच उघडा अडकलेला असेल तर नवा घाला. जीपच्या गॅरेजातला सल्ला ऐकून तो काढून टाकू नका. गार चालणारं टू-स्ट्रोक मंद वेगात प्लग काळे करतं आणि नेमकं छपरावरच्या माणसाला उतरवून घेताना बंद पडतं.

बॅरलमध्ये भागलं म्हणून थांबू नका, इंजिनावर भार तिथं येतच नाही. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) अजून काढलेले नाहीत तोवर नदीत पाणी तुंबलेलं असतं, तेव्हाच बोट उतरवा आणि चार माणसं बसवून थोडा वेळ जोरात चालवा. पावसाच्या तोंडावर बरगे निघाले की चाचणीपुरतं पाणी मिळत नाही, आणि मिळेल तेव्हा पूर आलेला असेल. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. तेव्हा इंजिन तपासायला कुणाला सवड होती?

पुरात चालवणाऱ्याला एक सवय लावा, दर दोन-तीन मिनिटांनी मागं वळून धार बघायची. बऱ्याच लहान टू-स्ट्रोकना तापल्याचा बझर नसतो, तिथं धार हाच मीटर. गल्लीबोळातून जाताना पाणी उथळ असतं, पाय वर घेतला की जाळ्या पाण्याबाहेर येतात आणि पंप हवा ओढतो. धार अचानक थांबली तर आधी वेग कमी करून क्षणभर रिव्हर्स टाका, जाळीवरची पिशवी सुटली तर सुटते. नाही सुटली तर झाडाला दोर टाका, विजेच्या खांबाला नको. मग इंजिन बंद करून पाय वर घ्या आणि हातानं साफ करा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. वल्ही बोटीत हवीतच.

पूर ओसरल्यावरचं काम सगळ्यात जास्त टळतं, आणि नेमकं तेच महत्त्वाचं. मालवणकडं मिठासाठी इंजिन धुतात. आपल्याकडं मीठ नाही म्हणून कुणी धुतच नाही, पण काळ्या मातीचा गाळ आत वाळला की विटेसारखा घट्ट होतो. म्हणून बोट काठाला लागली त्याच दिवशी बॅरलमध्ये स्वच्छ पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं चालवा, पाणी गढूळ झालं की बदला. मग इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी पायातून निथळून जाईल. ट्रॉलीत आडवं टाकून आणायचं असेल तर आधी पूर्ण निथळू द्या आणि डोकं पायापेक्षा खाली जाऊ देऊ नका, नाहीतर उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरात शिरतं. वर्षभरात अधूनमधून, महिन्या-दीड महिन्यानं, बॅरलमध्ये पाच मिनिटं चालवलंत तर पात्यांना बाक बसत नाही. हे कोतवालाच्या कामात लिहूनच ठेवा, नुसतं सांगून होत नाही.

किट मागवताना ‘२५ एचपीचं द्या’ एवढं सांगू नका. बोटीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो, त्याचा फोटो पाठवा. एकाच एचपीत वेगवेगळ्या वर्षांचे पंप वेगळे असतात. आणि दोन किट घ्या, एक बसवायला आणि एक बोटीच्या डब्यात. एप्रिलमध्येच सांगून ठेवा. जूनमध्ये सगळ्या गावांचे फोन एकदम येतात आणि माल यायला वेळ लागतो.