'लेटन्सी वाढली' म्हणजे शीर झोपली का?

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न: वडिलांच्या हाताला मुंग्या येतात म्हणून बेळगावात करंट देऊन तपासणी केली. रिपोर्टात 'लेटन्सी वाढली' असं आहे, शब्दकोशात 'सुप्तता' सापडलं. मग शीर झोपली म्हणायची का?

छे! शीर जागी आहे, फक्त उशीर करते आहे. 'सुप्तता' दडून बसलेल्या रोगाला शोभते. इथे लेटन्सी म्हणजे करंट दिल्यापासून पुढच्या ठिकाणी लहर उमटेपर्यंत गेलेला वेळ, मिलिसेकंदांत. 'विलंब'ही मला पटत नाही. धडधाकट माणसाच्या शिरेलाही हा वेळ लागतोच, त्याला विलंब कसा म्हणायचा? पत्राची 'पोच' आपल्याकडे आहेच, तर 'पोचवेळ' म्हणावं.

या पोचवेळेवरूनच दोषाची जागा सापडते. मनगटाशी करंट देऊन वरच्या लहरी टिपतात: गळ्याच्या हाडाच्या वर, खांद्याच्या बाजूला एन ९, मानेत एन १३, डोक्यावर एन २०. एन म्हणजे निगेटिव्ह, आणि आकडा म्हणजे साधारण पोचवेळच. निपाणीहून निघालेली गाडी संकेश्वरला वेळेवर आणि बेळगावला उशिरा पोचली, तर खोळंबा संकेश्वरच्या पुढे झाला. तसंच एन १३ वेळेवर आणि एन २० उशिरा, तर दोष मानेच्या वर, मेंदूच्या वाटेवर. एन ९लाच उशीर असेल तर आधी हातातली शीर किंवा खांद्याजवळचं शिरांचं जाळं तपासायचं. लांब हाताच्या माणसाची पोचवेळ मुळातच जास्त, म्हणून दोन लहरींच्या पोचवेळांमधला फरक बघणं महत्त्वाचं.

वडिलांची तपासणी बहुधा इतकी लांबची नसावी. मनगट ते अंगठ्याचा स्नायू एवढ्यातच मीडियन नर्व्हची, म्हणजे अंगठ्याकडच्या शिरेची, पोचवेळ वाढलेली आणि करंगळीकडच्या अल्नरची ठीक असेल, तर मनगटाशी शीर दबल्याचा संशय घेतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

'शीर म्हणजे रक्तवाहिनी, चेतातंतू म्हणा' असं कुणी दटावेल. खुशाल दटावू दे. पोटरीत गोळा आला की 'शीर चढली' म्हणणाऱ्यांना त्यात काही अडत नाही. कानडीतला 'नर' तसाच ढोबळ आहे. बेळगावात 'नररोग तज्ञरु' अशी कानडी पाटी वाचून आपली माणसं दचकतात, पण त्या 'नर'चा पुरुषाशी संबंध नाही, तमिळ 'नरंबु'चा तो भाऊबंद. बायकांनीही बेलाशक आत जावं.